मंजुरीची चावी

सासऱ्यांची सगळी नोकरी वजनकाट्यांच्या कारखान्यात गेली. आधी दुकानातले काटे, मग गोदामातले, आणि शेवटची काही वर्षं दवाखान्यात नवजात बाळांना तोलतात ते काटे. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाहीतर घरच्यांच्या कामात नाक खुपसतात. सासऱ्यांनी कोड लिहायला घेतला.

लहान दवाखान्यांसाठी काही लोक मिळून एक फुकट प्रोग्रॅम बनवत होते. तो सगळ्यांना खुला होता. कुणीही तो वाचावा, वापरावा, बदल सुचवावेत. त्यात वॉर्डाचा एक भाग होता, औषधं देणाऱ्यांचा एक, प्रयोगशाळेचा एक. बाळाच्या वजनावरून औषधाची मात्रा काढायचं गणित प्रत्येकाला लागायचं आणि प्रत्येक जण ते आपल्या मनानं करायचा. सासरे म्हणाले, गणित एकाच जागी राहू द्या आणि सगळे तिथूनच घ्या. अशी ती सामाईक लायब्ररी तयार झाली. आकारानं लहान होती, पण सगळा प्रोग्रॅम तिच्या डोक्यावर उभा होता.

बदल कुणीही सुचवू शकत असे. मंजुरीची चावी मात्र सासऱ्यांकडे होती. त्यांनी हो म्हटलं की तो बदल लायब्ररीत जायचा आणि पुढच्या आवृत्तीसोबत दवाखान्यादवाखान्यांत पोचायचा. त्यांनी तिथे स्वतःचं नाव 'काटा' असं घेतलं होतं. तोलतो तोही काटा आणि टोचतो तोही, हे ते स्वतःच हसून सांगायचे. आणि टोचायचे चांगलेच. कुणी बदल पाठवला की त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. हा आकडा कुठून आणला? बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर? वजन भरायचं राहिलं तर? लोक वैतागायचे, वाद घालायचे, तणतणत निघून जायचे आणि दुरुस्ती करून परत यायचे. कौतुक त्यांच्या तोंडी नसायचंच. 'चालेल' हा त्यांचा सर्वांत गोड शब्द.

एका बाबतीत तर ते हटूनच बसले होते. बाळाचं वजन भरलेलं नसेल तर लायब्ररी उत्तर देत नसे. तिथेच थांबायची आणि वजन मागायची. घाईच्या वेळी हे जाचायचं. वजन नसलं तर त्या वयाचं सरासरी वजन धरून पुढे जाऊ द्या, असा बदल कुणी ना कुणी दर वर्षी पाठवायचंच. सासरे दर वर्षी तो परत करायचे. "सरासरी बाळ आजवर कुणाच्या पोटी जन्मलेलं नाही," असं एकदा त्यांनी लिहिलं होतं, आणि ते वाक्य प्रकल्पातल्या लोकांमध्ये बरेच दिवस फिरत होतं.

सून या घरात आली तीच प्रोग्रॅमर म्हणून. सुरुवातीला सासरे तिच्याशी जरा अवघडून बोलायचे. मग एकदा तिनं त्यांच्या कोडमधली एक चूक दाखवली. त्यांनी ती तीनदा तपासली, चष्मा काढला आणि म्हणाले, "चालेल." त्यानंतर दुसरी चावी त्यांनी तिला दिली. दोघांची टेबलं एकाच खोलीत, एकमेकांना पाठ लावून. ती दिवसा एका कंपनीचं काम करायची आणि उरलेल्या वेळात लायब्ररीचं. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दमून यायचा आणि या दोघांची खलबतं ऐकत जेवायचा. तुम्हा दोघांत मीच पाहुणा, असं म्हणायचा.

फरक पडायला लागला तो आधी कुणाला कळलाच नाही. एका बदलावर सासऱ्यांनी एक प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. पाठवणाऱ्याला वाटलं, म्हातारा आपली परीक्षा बघतोय. त्यानं निमूट पुन्हा उत्तर दिलं. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तेव्हा सुनेनं मागे वळून पाहिलं. सासरे पडद्याकडे बघत होते आणि हाताची बोटं टेबलावर नुसती फिरवत होते, अंधारात बटण शोधतात तशी.

मग भाजी आणायला गेलेले सासरे हात हलवत परतू लागले. गॅस पेटवून विसरू लागले. सुनेचं नाव त्यांना आठवायचं, पण हाक मारताना मध्येच थांबायचे. नवरा म्हणाला, वय झालंय, होतं असं. डॉक्टरकडे जायचं ठरायचं आणि लांबणीवर पडायचं.

लायब्ररीचं काय करायचं, यावर मात्र दोघं बोलले. नवऱ्याचं म्हणणं होतं की बाबांकडून ते काढून घेऊ नकोस. सकाळी उठून दाढी करून ते टेबलापाशी बसतात ते त्याच्याचसाठी. ते गेलं तर ते अंथरूण धरतील. सुनेलाही ते पटलं. शिवाय ती होतीच की मागे. सासऱ्यांनी दिवसभरात जे मंजूर केलं असेल ते ती संध्याकाळी तपासायची. चुकलं असेल तर नवी आवृत्ती निघायच्या आत गुपचूप मागे घ्यायची. त्यांचा एखादा प्रश्न विचित्र वाटला तर त्यांच्याच नावानं दुरुस्त करायची. कुणाला पत्ता लागला नाही.

फक्त एकीला शंका आली. प्रकल्पात एक औषधतज्ज्ञ बाई होत्या, दुसऱ्या देशातल्या. मात्रांचे तक्ते त्याच पुरवायच्या. त्यांनी सुनेला खासगीत विचारलं, काटा ठीक आहेत ना? हल्ली त्यांचं लिहिणं त्यांच्यासारखं वाटत नाही. सुनेनं बराच वेळ उत्तर लिहिलं आणि खोडलं. शेवटी लिहिलं, थोडे थकलेत, बाकी काही नाही.

पुढे सुनेच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. डोळ्यात गुंतागुंत झाली, आणि जे दोन दिवसांचं काम होतं ते लांबतच गेलं. आईला औषधं घालायची, हात धरून फिरवायचं, यात सुनेचं लायब्ररीकडे बघणं राहिलं. एकदा तिनं नवऱ्याला फोनवर विचारलं, बाबा काय करतायत? तो म्हणाला, मजेत आहेत, टेबलापाशी बसलेत.

त्याच दिवसांत कुठल्याशा दवाखान्याच्या प्रोग्रॅमरनं तो जुनाच बदल पुन्हा पाठवला. वजन नसलं तर सरासरी वजन धरा. सासऱ्यांनी तो मंजूर केला. काट्याची मंजुरी म्हटल्यावर बाकी कुणी पुन्हा बघायच्या फंदात पडलं नाही. सासऱ्यांनी स्वतःच नवी आवृत्तीही प्रसिद्ध करून टाकली.

सून घरी परतली, बॅग दाराशीच ठेवून टेबलापाशी गेली आणि मंजूर बदलांची पानं खाली ओढत राहिली. सासऱ्यांनी त्या बदलाखाली लिहिलं होतं, "फार छान. मनापासून धन्यवाद."

बदल काय आहे हे वाचायच्या आधीच तिनं आवृत्ती मागे घ्यायचं पान उघडलं.

आवृत्ती मागे घ्यायला तिला वेळ लागला नाही. सगळ्या दवाखान्यांना तिनं इशारा पाठवला: ही आवृत्ती वापरू नका, जुनीवर या, वजनाविना काढलेली प्रत्येक मात्रा पुन्हा तपासा. मग ती वाट बघत बसली. बहुतेक दवाखान्यांनी नवी आवृत्ती अजून घेतलीच नव्हती. काहींनी घेतली होती, पण वजनं भरली जात होती. तिला वाटायला लागलं, सुटलो.

मग एका नर्सचा मजकूर आला. प्रकल्पात चुका नोंदवायची उघडी जागा असते, तिथे, अगदी साध्या शब्दांत. तिच्या वॉर्डात अपुऱ्या दिवसांचं एक बाळ होतं, जेमतेम दोन तळहातांएवढं. बाळाला जंतुसंसर्ग झाला म्हणून अँटिबायोटिक सुरू केलं. ते औषध जास्त झालं तर कानांना बाधतं. त्या दिवशी वॉर्डातला काटा बिघडलेला होता, म्हणून वजन भरलं गेलं नाही. पूर्वी असं झालं की प्रोग्रॅम थांबायचा आणि तिथल्या नर्स दुसऱ्या वॉर्डातून काटा आणायच्या. या वेळी तो थांबला नाही. त्यानं आकडा दिला, म्हणून त्यांना वाटलं, वजन कुणीतरी भरलं असेल. पुरत्या दिवसांच्या बाळाची मात्रा त्या जिवाला कित्येक दिवस मिळत राहिली. संसर्ग गेला. बाळ जगलं. पण मोठ्या आवाजालाही दचकत नाही. तपासण्या झाल्या, दोन्ही कान गेलेत.

शेवटी नर्सनं लिहिलं होतं, "मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. तो का थांबला नाही, एवढंच मला कळायला हवं."

सुनेनं ते वाचलं तेव्हा सासरे तिच्या पाठीमागेच बसले होते. चहा झाला का, असं ते विचारत होते. झाला होता. तिनं पुन्हा करून दिला.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा तिनं त्याला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. तो स्टुलावर बसला. मग म्हणाला की बाबांचं नाव यात येऊ देऊ नकोस. अनवधानानं चूक झाली म्हण, ते काही खोटं नाही. सगळं आयुष्य त्या माणसानं एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि जाता जाता लोकांनी त्याला याच्यासाठी लक्षात ठेवायचं का?

"दोर झिजलाय हे माहीत असताना तू लिफ्ट चालू ठेवली असतीस का?" तिनं विचारलं.

उत्तराची वाट न बघता तीच पुढे म्हणाली.

"नसती ठेवलीस. लोकांनी शिव्या घातल्या असत्या तरी पाटी लावून बंद केली असतीस. मी चालू ठेवली. दोर मी रोज बघत होते."

"मीच म्हटलं होतं तुला, काढून घेऊ नकोस म्हणून."

"हो. आणि चावी माझ्या हातात होती."

तो उठला, तोंडावर पाणी मारलं आणि टॉवेलात तोंड घालून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, लिही तुला लिहायचं ते.

तिनं लिहिलं ते थोडक्यातच. बदल कुठला, तो कसा आत गेला, काय नुकसान झालं. मंजुरी देणाऱ्याची स्मरणशक्ती जात होती. दुसरी चावी असलेल्या व्यक्तीला, म्हणजे मला, ते माहीत होतं आणि मी ते झाकलं. खाली तिनं स्वतःचं नाव घातलं. औषधतज्ज्ञ बाईंना तिनं आधी वेगळं लिहून कळवलं, की तुम्ही विचारलं होतं तेव्हा मी खोटं बोलले. बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांनी लिहिलं होतं की त्यांना ते तेव्हाच कळलं होतं, आणि त्याही गप्प बसल्या होत्या.

पुढे जे व्हायचं ते झालं. काही दवाखान्यांनी तो प्रोग्रॅमच टाकून दिला. कुणी वाटेल तसं लिहिलं, सुनेला आणि सासऱ्यांनाही. ज्यानं बदल पाठवला होता त्यानं एक ओळ लिहिली, मला फक्त काम सोपं करायचं होतं, आणि नंतर तो कधी दिसला नाही. काही जुन्या लोकांनी काट्यानं आपल्याला कसं घडवलं ते लिहिलं. ते वाचणं सुनेला झेपलं नाही.

प्रकल्पात नवा नियम आला: कुठलाही बदल दोघांनी तपासायचा, आणि ते दोघं एका घरातले नसावेत. दुसरी तपासणी औषधतज्ज्ञ बाईंनी अंगावर घेतली. सासऱ्यांची चावी सुनेनं स्वतःच्या हातानं काढून घेतली. एक बटण दाबायचं, मग ते विचारतं, नक्की का, मग पुन्हा दाबायचं.

डॉक्टरकडेही ते आता गेले. डॉक्टरांनी कागद पुढे ठेवून घड्याळ काढायला सांगितलं. सासऱ्यांनी मन लावून वजनकाट्याची तबकडी काढली. शून्य वर, आकडे अगदी सारख्या अंतरावर, काटा शून्यावर. झाल्यावर डॉक्टरांकडे सरकवत म्हणाले, "बघा." डॉक्टरांनी पाहिलं आणि मुलाकडे बघून हळूच मान हलवली.

सकाळी टेबलापाशी बसायचं मात्र सासऱ्यांचं तसंच होतं. पहिल्या दिवशी पडद्यावर 'तुम्हाला परवानगी नाही' असं आलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग पुन्हा. संतापून त्यांनी कळफलक आपटला, आणि रात्री जेवलेच नाहीत. ते बघून नवऱ्यानंच सुचवलं की बाबांसाठी लायब्ररीची वेगळी प्रत करून दे, कुठेही न जोडलेली. त्यात जुने बदल एकेक करून टाकत जा. त्यांना काय कळणार?

सुनेच्या ते मनात नव्हतं. पण अर्ध्या तासात करून दिलं. जुन्या वर्षांतले बदल ती रोज थोडे थोडे त्या प्रतीत टाकायची. सासरे ते वाचायचे, मंजूर करायचे, नाकारायचे. कधी कधी अचूक नाकारायचे, आणि तेव्हा तिला जास्त वाईट वाटायचं. घरात शांतता आली. नवरा म्हणाला, बघ, जेवतायत.

असे काही महिने गेले. मग एके दिवशी दुपारी सासरे खुर्ची वळवून तिच्याकडे तोंड करून बसले. तिला वाटलं, चहा हवा असेल.

"एक विचारू का गं?" ते म्हणाले.

"विचारा ना, बाबा."

"हल्ली माझ्याशी कुणी भांडत का नाही?"

तिनं हातातलं काम ठेवलं.

"मी काहीही लिहिलं तरी कुणाचं उत्तर येत नाही. आधी कशी डोकी फोडायचे. मी काल मुद्दाम चुकीचं लिहून बघितलं. कुणी काही बोललं नाही." ते थांबले. त्यांचे डोळे त्या दिवशी स्वच्छ होते, पूर्वीसारखे. "हे खरं आहे का, मी करतोय ते?"

खोटं बोलायचं झालं तर तिच्याकडे शब्द तयार होते. तिनं खुर्ची ओढून त्यांच्या जवळ नेली.

"नाही, बाबा. ती नुसती प्रत आहे. मी करून दिली."

"मग खरी?"

"खरी मी बघते. आणि औषधतज्ज्ञ बाई."

त्यांनी मान डोलावली, जणू अंदाज होताच. मग विचारलं, "माझ्या हातून काही झालं?"

तिनं सांगितलं. वजन नसताना सरासरी वजन धरायचा बदल म्हटल्याबरोबर त्यांनी तिचा हात घट्ट धरला. पुढचं सगळं त्यांनी तसंच, हात धरून ऐकलं. बाळ मुलगी आहे का मुलगा, ते त्यांनी विचारलं. मुलगी, ती म्हणाली. किती वजन होतं तिचं, असं त्यांनी विचारलं. नर्सनं नंतर कळवलेला आकडा तिनं सांगितला. सासरे तो आकडा तोंडातल्या तोंडात म्हणत राहिले आणि मग रडायला लागले. तोंड न झाकता, लहान मूल रडतं तसे. तिनं त्यांना रडू दिलं. आपली चूक सांगायची राहू नये म्हणून ती म्हणाली की मला कळत होतं, बाबा, मीच थांबवायला हवं होतं.

"हो," ते म्हणाले. "थांबवायला हवं होतंस."

त्या उत्तराचं तिला बरं वाटलं की वाईट, ते तिला पुढेही ठरवता आलं नाही. सासऱ्यांनी पडदा बंद करायला सांगितला. ती प्रतही पुसून टाक म्हणाले. तिनं त्यांच्यासमोर पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करून आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "उघडत नाही गं हे. बघ जरा." त्यांच्या चेहऱ्यावर कालचं काहीही नव्हतं. सांगितलं तर ते पुन्हा पहिल्यांदाच ऐकणार होते. मशीन बिघडलंय, ती म्हणाली, दुरुस्तीला द्यायचंय. त्यांनी बरं म्हटलं. त्यापुढच्या दिवशीही ती हेच म्हणाली. मग ते विचारेनासे झाले. दाढी करायचीही राहू लागली. पुढे ते खिडकीपाशी बसून असायचे आणि सून समोर आली की तिला बाई म्हणून हाक मारायचे, तुम्ही कुठल्या विभागात, असं अदबीनं विचारायचे. ती आपल्या कामाचं नाव सांगायची. चांगलं आहे, म्हणायचे.

नर्सशी सुनेचं लिहिणं मधूनमधून चालू होतं. मुलीला कानाचं यंत्र लावलंय, फारसा उपयोग नाही. मुलगी हसरी आहे. घरचे खुणांची भाषा शिकतायत. एवढंच, बातमीसारखं.

एकदा नर्सनं मुलीच्या आईचा निरोप पाठवला. आईला सुनेशी बोलायचं नव्हतं, ते तिनं स्पष्टच सांगितलं होतं. पण तिच्या धाकट्या बहिणीला दिवस गेले होते, आणि त्या गावात दवाखाना तो एकच. प्रोग्रॅमही तोच. म्हणून तिनं विचारलं होतं, आता ते बरोबर आहे का?

सुनेनं 'हो' असं लिहिलं. पाठवायला बोट नेलं आणि थांबली. मग तो निरोप तसाच ठेवून तिनं लायब्ररी उघडली आणि औषधतज्ज्ञ बाईंना कळवलं की आज मी पहिल्या ओळीपासून तपासायला घेतेय, तुम्हीही घ्या. बाईंनी विचारलं, काही झालंय का? नाही, तिनं लिहिलं, एकीला उत्तर द्यायचंय.

दोघींनी आपापल्या गावी बसून ओळ न् ओळ पाहिली. वजन दिलं, वजन काढून घेतलं, शून्य दिलं, उणे दिलं, पुरत्या दिवसांचं बाळ, अपुऱ्या दिवसांचं. जिथे थांबायला हवं तिथे लायब्ररी थांबली. संध्याकाळी नवरा कामावरून आला तरी ती उठली नव्हती. तो आत जाऊन बाबांना भरवायला बसला.

बाईंचं झाल्याचं कळलं तेव्हा सुनेनं तो निरोप पुन्हा उघडला. 'हो' च्या पुढे तिनं लिहिलं, 'आज दोघींनी पुन्हा तपासलं.' मुलीच्या आईनं मला माफ करावं, असं काहीसं तिच्या मनात आलं होतं. ते तिनं लिहिलं नाही. आईनं तसं काही विचारलं नव्हतं.

तिनं निरोप पाठवला आणि आत गेली. नवऱ्याच्या हातातला घास बघून सासऱ्यांनी तोंड मिटून घेतलं होतं. तिनं वाटी घेतली आणि त्यांच्यासमोर बसली.